कोच पाहिजे

आमच्या फुटबॉल क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा पुन्हा ती जाहिरात पडली. 'सीनियर संघासाठी मुख्य कोच पाहिजे. लायसन्सधारकांस प्राधान्य. मानधन योग्यतेनुसार.' शब्द माझेच. जुलैत लिहिले होते, आता डिसेंबरच्या तोंडावर तेच उचलून चिकटवले, फक्त तारीख बदलली. एकवीस वर्षं एचआरमध्ये घालवलेल्या बाईला एकाच जागेसाठी चार महिन्यांत दोनदा जाहिरात द्यावी लागली, हे ऑफिसात कुणाला कळलं तर माझं काही खरं नाही. इथे लिहायला हरकत नाही, इथे ऑफिसातलं कुणी फिरकत नाही.

क्लब म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. गोरेगावातलं एक मैदान, एक कुलूपबंद खोली (किल्ली कुणाकडे आहे हा रोजचा प्रश्न), ज्युनियर मुलांच्या तीन बॅचेस आणि मुंबईच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळणारा सीनियर संघ. माझा मुलगा ज्युनियरमध्ये, तोही बहुतेक वेळा बेंचवर. मी कमिटीवर कशी आले, तर मी कंपनीत माणसं निवडते हे सेक्रेटरींना कळलं. "मॅडम, मग हे तर तुमचं रोजचंच काम!" तिथेच फसले.

फुटबॉल मात्र मला नवा नाही. मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल पेठेपेठेत असतो, शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम असेल तर त्या दिवशी लग्नाचे मुहूर्तही विचारपूर्वक काढावेत. माझे मामा एका तालमीच्या संघातून हाफला खेळायचे. कुठल्या ते सांगत नाही, अजूनही पेठेत भांडणं लागतात. जुलैत त्यांना फोनवर म्हटलं, आमच्या क्लबला कोच निवडायचाय, तर पलीकडून हसण्याचा आवाज. "अगं, वस्ताद काय जाहिरात देऊन आणत्यात काय? पोरांच्या आधी तालमीत येतोय आणि पोरं गेल्यावर दिवा मालवतोय, त्याला पोरंच वस्ताद म्हणाय लागत्यात."

ऐकायला गोड. पण मामांच्याच तालमीत एका सीझनला तीन कोच झालेले मी लहानपणी पाहिलेत, आणि ते काही पोरांनी ठरवले नव्हते. हरलेल्या मॅचनंतर चहाच्या गाडीवर चार माणसांनी ठरवले होते.

आमच्या मुलाखती २ ऑगस्ट २०२५ ला, शनिवारी होत्या. तारीख पक्की लक्षात राहिली, कारण आदल्याच दिवशी भारताच्या संघाला नवा कोच मिळाला होता, खालिद जमील. सकाळी मुलाखतीला बसण्याआधी कमिटीची अर्धा तास चर्चा त्यावरच. त्या निवडीची गंमत तुम्हीही वाचली असेल. भारतीय फुटबॉल फेडरेशनकडे १७० अर्ज आले होते. त्यात बार्सिलोनाचा माजी कोच झावी हर्नांडेझचंही नाव असल्याची बातमी आली, देशभर एक दिवस गुदगुल्या झाल्या, आणि मग फेडरेशनला सांगावं लागलं की झावी आणि तसाच बडा कोच पेप गार्डिओला यांच्या नावांनी आलेले ईमेल खरे नाहीत. मी नोकरीच्या अर्जांचे खोटे अनुभवपत्रांपासून खोट्या सह्यांपर्यंत सगळे प्रकार पाहिलेत, पण उमेदवारच खोटा हा प्रकार नवीन. शेवटी तीन नावं उरली: खालिद, इंग्लंडचा स्टीफन कॉन्स्टंटाइन, जो आधी दोनदा हे काम करून गेला होता, आणि स्लोव्हाकियाचा श्टेफान तारकोविच. त्यातून खालिद. २०१२ मध्ये साव्हियो मदेरा पायउतार झाल्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस.

आमच्या कमिटीतले गोलकीपर काका (रेल्वेत होते, रेल्वेसाठी खेळले, सत्तरी ओलांडली तरी बॉल समोरून आला की हात आपोआप वर जातात) म्हणाले, "खालिद आपला. कूपरेजवर खेळलेला." ते खरंच आहे. मीही २०१५ मध्ये ऑफिस सुटल्यावर दोनचारदा कूपरेजला मुंबई एफसीच्या मॅचेस पाहिल्या. तेव्हा खालिदच कोच. पैसा बेताचा, खेळाडू बेताचे, प्रेक्षक तर मोजून घ्यावेत इतके. पण खालिद होता तोवर तो संघ आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमधून, खाली गेला नाही. २०१६ मध्ये क्लब आणि तो वेगळे झाले. पुढच्या सीझनला, २०१६-१७ मध्ये, त्याने मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि त्याच सीझनला मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडला. ज्या ऐझॉलला आदल्या वर्षी खाली ढकललं होतं आणि मग परत घेतलं होतं, तो चॅम्पियन. कंपनीत असं घडलं असतं तर एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म काढून मी रात्रभर वाचत बसले असते.

असो. मुलाखती.

सोसायटीच्या ऑफिसात ठेवल्या होत्या. टेबलामागे आम्ही पाच, समोर एक प्लास्टिकची खुर्ची, भिंतीवर सहकारी बँकेचं कॅलेंडर, पंख्याचा टकटक आवाज. उमेदवार तीन. एक जण आलाच नाही, म्हणजे दोन.

पहिले सर लॅपटॉप घेऊन आले. ए लायसन्स, स्वच्छ पोलो टी-शर्ट, हातात मोठं घड्याळ. बेचाळीस स्लाइड्स. पझेशन, हाय प्रेस, मागून बांधत येणारा खेळ, मैदानाचे अठरा झोन. बोलणं फर्डं, आणि उगाच नाव का ठेवू, माणसाला फुटबॉल कळत होता. गोलकीपर काकांनी विचारलं, "कीपरने बॉल पायाने खेळायचा?" "हो सर, मॉडर्न गेममध्ये कीपर हा अकरावा आउटफील्ड प्लेअर आहे." काकांनी टोपी काढली, परत घातली.

मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला. ऑफिसात मॅनेजरच्या मुलाखतीत विचारते तोच, थोडा वळवून. शेवटचा बाहेर बसवलेला मुलगा कोण, आणि त्याला काय सांगितलंत?

"मॅडम, माझा ट्रान्स्परन्सीवर विश्वास आहे. प्लेअर्सना प्रोसेस क्लिअर असते." मुलगा कोण, ते काही आलं नाही. मी फॉर्मवर टिक केली. संवादकौशल्य: उत्तम.

दुसरे सर वीस मिनिटं लवकर आले होते. त्यांची छत्री एवढी निथळत होती की सेक्रेटरींनी ती बाहेर बादलीत ठेवायला लावली. पँट घोट्याच्या वरपर्यंत चिखलाने माखलेली. सी लायसन्स, सहा वर्षं एका शाळेची आणि एका छोट्या क्लबची मुलं. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत. बसताना खुर्ची ओली होईल म्हणून आधी रुमाल टाकला.

तोच प्रश्न.

"मागच्याच रविवारी. लेफ्ट बॅक आहे, सतरा वर्षांचा. बदलापूरहून येतो."

"काय सांगितलंत?"

"शनिवारी रात्रीच फोन केला. पहाटेची गाडी पकडून यायचं आणि इथे येऊन कळायचं, हे बरं नाही ना मॅडम. म्हटलं, उद्या तू नाहीस. झोप. सोमवारी ये, कारण सांगतो."

"आणि कारण?"

"वर जातो, पण मागे कोण सुटलंय ते बघत नाही. मोबाइलवर शूट केलेलं होतं, दाखवलं. चार वेळा दाखवलं."

"मग?"

"माझ्याशी बोलायचा बंद झाला."

"आता बोलतो?"

"नाही." जरा थांबले. "पण मागे बघतो."

कमिटीत हशा पिकला. मीही हसले. ते हसले नाहीत.

आता खरी गोष्ट. मतदान तीन विरुद्ध दोन झालं, आणि लॅपटॉपच्या बाजूचं तिसरं मत माझं होतं. बदलापूरच्या मुलाचं उत्तर ऐकून पाच मिनिटं झाली नव्हती. कारणं? पुढच्या आठवड्यात एका स्पॉन्सरला भेटायचं होतं आणि तिथे इंग्रजी बोलणारा माणूस लागणार होता. ए लायसन्स सी लायसन्सच्या वर असतं. आणि फॉर्म. फॉर्ममध्ये दहा रकाने होते, त्यात 'प्रेझेंटेशन' हा एक. चिखलाच्या पँटसमोर मी लिहिलं, 'सुधारणेस वाव'. हे अक्षर माझंच आहे, फॉर्म अजून माझ्या बॅगेत आहे. गोलकीपर काकांनी आणि पालक प्रतिनिधी असलेल्या सीए बाईंनी विरोधात मत दिलं. सीए बाई जाताना एवढंच म्हणाल्या, "तुझा प्रश्न चांगला होता गं."

सर नऊ ऑगस्टला रुजू झाले. मैदानाची पश्चिमेकडची निम्मी बाजू तेव्हा तळं झालेली. त्यात मागून बांधत खेळ. आमचा कीपर, बिचारा, आजवर लांब लाथ मारायला शिकलेला. त्याला पायाने पास द्यायला लावले. बॉल चिखलात रुतून थांबायचा, समोरचा फॉरवर्ड धावत यायचा, आणि आम्ही बायका हातातले वेफर्स खाली ठेवायचो. पहिल्या पाच मॅचेसमध्ये तीन गोल असे गेले. ऑक्टोबरात जमीन सुकली तसं काहीतरी दिसायला लागलं होतं, हे मात्र मान्य करायला हवं. दोन मॅचेस छान खेळलो. आणि मग नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सरांना एका अॅकॅडमीची ऑफर आली. आम्ही महिना अठ्ठावीस हजार देत होतो. ते लोक किती देणार होते ते मी विचारलं नाही, चेहऱ्यावरून अंदाज आला. पंधरा दिवसांची नोटीस, अगदी रीतसर. माझाच ड्राफ्ट केलेला करार.

त्यांचा राग येत नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि ती मला समजली अंधेरीला, वीरा देसाई रोडवर.

मुलामुळे आम्ही इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीच्या (मुंबई एफसी वेगळा) मॅचेसना जातो. आझाद नगर मेट्रोला उतरायचं, रस्ताभर निळे टी-शर्ट, आत वेस्ट कोस्ट ब्रिगेड या समर्थक गटाच्या पोरांचे ढोल. या क्लबचे सुरुवातीचे कोच आठवून बघा. २०१४ मध्ये पीटर रीड, इंग्लंडचा जुना खेळाडू. आठ संघांत सातवे. पुढच्या वर्षी निकोला आनेल्का, आधी नुसता खेळाडू होता, मग खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही. सहावे. मग कोस्टा रिकाचा अलेक्झांडर गिमाराइश, २०१६ मध्ये साखळीत पहिले आले आणि सेमीफायनलला अडकले. मग पोर्तुगालचा जॉर्जे कोश्ता, पोर्टोचा कॅप्टन म्हणून २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग उचललेला. (हा माणूस २०२५ च्या ऑगस्टच्या ५ तारखेला गेला, त्रेपन्नाव्या वर्षी. आमच्या मुलाखतींनंतर तीनच दिवसांनी. मुलाने शाळेतून आल्यावर सांगितलं, आणि त्या संध्याकाळी आम्ही घरात २०१८-१९ च्या मॅचेसचे जुने तुकडे बघत बसलो.) प्रत्येक जण आपापल्या परीने मोठा. आणि प्रत्येक वेळी नवा कोच, नवी भाषा, नवी पद्धत.

२०१९ च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतरची निवड बघा. सर्जिओ लोबेरा आणला, जो एफसी गोवा या क्लबला बॉल पायाशी ठेवून खेळवत होता आणि २०२० च्या जानेवारी अखेरीस गोव्याने ज्याला सीझन संपायच्या आत नारळ दिला होता. त्याच्यासोबत तिथले खेळाडूही आले, जाहू, बूमू, फॉल, मंदार राव देसाई. पहिल्याच सीझनला लीग शील्ड (साखळीत पहिलं येण्याची) आणि कप (फायनलचा), दोन्ही. १३ मार्च २०२१, गोव्यातलं फातोर्डा, मोहन बागानविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. घरी आमच्या खालच्या मजल्यावरून झाडूने छत ठोकलं होतं.

पण मला एचआरवाली म्हणून त्यापुढचं जास्त आवडतं. लोबेरा गेला, तर त्याच्या जागी डेस बकिंगहॅम. भारतात फारसं कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. कुठून आला? मेलबर्न सिटीतून, तिथे तो असिस्टंट होता. मेलबर्न सिटी त्याच ग्रुपचा क्लब. म्हणजे ही अंतर्गत बदली! २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब झालो, २०२२-२३ ची शील्ड सलग अठरा मॅचेस न हरता. मग २०२३ च्या नोव्हेंबरात ऐन सीझनमध्ये त्याला त्याच्या गावच्या क्लबचं, ऑक्सफर्ड युनायटेडचं, बोलावणं आलं आणि तो गेला. आमचे सर गेले तसाच. आम्ही स्टँडमध्ये हात डोक्याला लावले. पुढचा कोच कोण? पेत्र क्रात्की. कुठून? मेलबर्न सिटीचाच असिस्टंट. ४ मे २०२४ ला कोलकात्यात, साठ हजारांच्या कल्लोळात, मोहन बागानला ३-१ हरवून कप मुंबईत.

तीन कोच, पण स्टँडमध्ये बसून डोळे मिटले तरी सांगता यावं असा खेळ एकच. मागून पास, विंगवर बिपिन. क्लबने आधी ठरवलं होतं की आपण असं खेळतो. मग त्या खेळाला माणूस शोधला. ऐन सीझनमध्ये माणूस गेला तेव्हा फक्त माणूस गेला.

आम्ही काय केलं होतं? 'कोच पाहिजे' एवढंच लिहिलं होतं. आमच्या ऑफिसात कुठल्याही डिपार्टमेंटने 'मॅनेजर पाहिजे' असं एका ओळीत पाठवलं की मी मेल परत पाठवते. आधी जेडी लिहा, म्हणते. कामाचं वर्णन. त्याशिवाय मी एक रेझ्युमेही उघडणार नाही. आणि इथे कोच आल्यावर आम्ही त्यालाच विचारलं, आपण कसं खेळायचं? त्याने त्याच्या आवडीचं सांगितलं. तो गेला, ते घेऊन गेला.

खालिदवरही २०२५ च्या अखेरीस टीका सुरू झाली. ताजिकिस्तानात काफा नेशन्स कपला (मध्य आशियाई संघटनेची स्पर्धा) तिसरे आलो तेव्हा सगळे नाचत होते. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून २-१ हरून आशिया कपचं दार बंद झालं, नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडूनही हरलो, आणि लगेच 'कोच बदला'. तो आला तेव्हा आशिया कप पात्रतेच्या दोन सामन्यांत एकच गुण होता हे कुणी बोललं नाही. त्याच्या आधीचा मानोलो मार्केझ त्या काळात एफसी गोवाही सांभाळत होता, म्हणजे एक माणूस, दोन हजेरीपट. १७० अर्जांतून निवडलेल्या माणसाला विचारायच्या आधी, भारताने कसं खेळायचं हे कुठे लिहून ठेवलंय का, ते मला बघायला आवडेल.

तर, गेल्या रविवारी कमिटीची बैठक झाली. उमेदवार नाहीत, फॉर्म नाही. मी एकच कोरा कागद ठेवला. अडीच तास भांडलो. गोलकीपर काका विरुद्ध सगळे. शेवटी कागदावर काय उतरलं ते वाचून फेडरेशनवाले हसतील: जून ते सप्टेंबर आमचा कीपर लांब लाथ मारणार, ऑक्टोबरनंतर पास देणार, ज्युनियरमधला कुणीतरी दर सीझनला सीनियरच्या बेंचवर बसणार, आणि बाहेर बसवलेल्याला आदल्या रात्री फोन जाणार. शेवटची ओळ कुठून आली ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही. सीए बाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं.

रात्री मी दुसऱ्या सरांना फोन केला. ऑगस्टच्या त्या फॉर्मवर नंबर होता. आता नवी मुंबईत एका शाळेत आहेत. मी आडवळणं न घेता विचारलं, येणार का. म्हणाले, "मॅडम, मुलांचं वर्ष मध्येच नाही सोडता येणार. मार्चनंतर विचारा." मी बरं म्हटलं. फोन ठेवणार इतक्यात ते म्हणाले, "ते गोलपोस्टमागच्या कोपऱ्यात पाणी अजून साचतं का? तिथे एक चर खणली ना, तर निम्मं मैदान वाचेल."

साचतं, म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मुलाखत सोसायटीच्या ऑफिसात होती. स्टेशनपासून ऑफिस पाच मिनिटं, डांबरी रस्त्याने. मैदान अगदी उलट टोकाला, आणि आमच्यापैकी कुणीच त्यांना ते दाखवलं नव्हतं.